बिनबुरशीची बाटली

सांगलीत समुद्र नाही, म्हणून आमचे सर दर सोमवारी सकाळी तो तयार करायचे. वीस लिटरचा पांढरा कॅन, त्यात शुद्ध केलेलं पाणी आणि मग एकेक क्षार वजन करून. साधं मीठ सगळ्यात जास्त, मग मॅग्नेशियमचं, मग कॅल्शियमचं, शेवटी चिमटीत मावेल एवढं ब्रोमाइड. सगळं विरघळलं की कॅनवर पेननं 'समुद्र' आणि तारीख. विभागात नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी "जरा तेवढा समुद्र आत आणा" असं ऐकू यायचं आणि तो दारातच थांबायचा.

हा सगळा खटाटोप एका बुरशीसाठी होता. ती काळपट, मखमलीसारखी बुरशी समुद्रात भिजलेल्या लाकडावर वाढते. मी सरांकडे पीएच.डी.ला गेले त्याच्या दहाएक वर्षं आधी ती त्यांना सापडली होती. रत्नागिरीकडे एका मित्राचं लग्न होतं. अक्षता पडायला अवकाश होता म्हणून सर बंदरावर चक्कर मारायला गेले. तिथं मोडक्या होडीची फळी पडली होती आणि तिच्यावर काळे ठिपके होते. सरांनी फळीचा कोपरा मोडला, खिशातल्या लग्नपत्रिकेत गुंडाळला आणि तिथूनच एस.टी. पकडली. नमुना वाळायच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा होता. लग्न राहिलं, जेवण राहिलं, आणलेला आहेर पिशवीत तसाच परत आला. मित्र पुढं दोन वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. सरांना त्याचं वाईट वाटत होतं, पण चूक झाली असं काही वाटत नव्हतं. "लग्न माझ्याशिवाय लागलं असतं," ते म्हणायचे, "ती फळी मात्र कुणी आणली नसती."

सर जत तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी गावात पाणी टँकरनं यायचं. त्यामुळं ठिबकणारा नळ दिसला की ते बोलणं अर्ध्यात सोडून उठायचे. प्रयोगाचं थंड करायचं पाणी आमच्याकडं नळीतून सिंकमध्ये जायचं नाही, बादलीत जमायचं. त्यात काचसामान धुतलं जायचं आणि शेवटी उरलेलं मागच्या करंजाच्या झाडाला. बाटली धुवायची त्यांची पद्धत ठरलेली: तीन वेळा, पण दर वेळी थोडंच पाणी. एकदम भरपूर पाण्यानं धुण्यापेक्षा ही पद्धत जास्त स्वच्छ करते हे पुस्तकातही आहे. सरांना ते पुस्तकातून कळलं नव्हतं.

ते सगळ्यांना 'तुमी' म्हणायचे, अगदी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही. मुलींना 'बाई'. राग आला की कानडीत बोलायचे, त्यामुळं आपल्याला नक्की काय म्हटलं गेलं हे आमच्यापैकी फारसं कुणाला कळलं नाही. मनगटावर घड्याळ कधी नसायचं. आम्लाचे थेंब उडून पट्टे खराब होतात म्हणून ते शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि वेळ बघायला पेनासारखं बाहेर काढायचे. डबा व्हरांड्याच्या खिडकीशी उभ्यानं खायचे. आणि 'सिद्ध झालं' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. कुणी उच्चारलेच तर ते दहा बाटल्या पुढं करायचे, धुवायला.

मी कोयनानगरच्या वसाहतीत वाढले. वडील वीजघरात होते. पहिल्या भेटीत मी गाव सांगितलं तेव्हा सर माझ्या गुणपत्रिकेवरून नजर न काढता म्हणाले, "म्हंजे हादऱ्याची सवय असंल. या सोमवारपासून." मुलाखत तेवढीच झाली.

काम काय होतं ते सांगते. ही बुरशी द्रवात वाढवली की ती त्यात एक बुळबुळीत पदार्थ सोडते. साखरेचे कण एकमेकांना जोडून झालेली लांबच लांब साखळी म्हणजे तो पदार्थ. त्यात स्पिरिट ओतलं की तो दोऱ्यांसारखा खाली बसतो. तो गाळायचा, एका पातळ पिशवीत भरून दोन दिवस पाण्यात लोंबकळत ठेवायचा, म्हणजे बारीकसारीक घाण निघून जाते, आणि वाळवायचा. कापसासारखी हलकी भुकटी मिळते. मग त्या साखळीला ठिकठिकाणी गंधकाचे गट चिकटवायचे. हे काम आम्लानं होतं, धूर होतो, डोळे चुरचुरतात. अशी बदललेली साखळी मूळ साखळीपेक्षा जास्त गुणी असते का, हा सरांचा प्रश्न.

गुण म्हणजे कोणता, हे सांगायला सर वांगं घ्यायचे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. हवेतला प्राणवायू ते करतो. असंच झिजणं, गंजणं थोडंफार शरीरातही चालू असतं. ते थोपवणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. प्रयोगशाळेत ते तपासायला एक गडद जांभळं द्रावण असतं. त्यात गुणी पदार्थ टाकला की जांभळा रंग उडतो आणि पिवळा होतो. जितका रंग उडेल तितका पदार्थ गुणी. सरांच्या बुरशीची गंधक लावलेली भुकटी हा रंग झपाट्यानं उडवायची. त्यावर त्यांनी एकट्याच्या नावानं एक पेपर लिहिला होता. तो बाहेर बऱ्याच जणांनी वाचला, आधाराला घेतला. विभागात जी काही यंत्रं होती त्यातली निम्मी त्या पेपरमुळं आली होती. माझा प्रबंध त्याच पायावरचा दुसरा मजला होता.

माझ्या पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी महाविद्यालयात विज्ञान दिनाचा कार्यक्रम झाला. एका वर्तमानपत्राचा वार्ताहर आला होता. सरांनी त्याला वांग्यापासून सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती अशी: समुद्री बुरशीत सापडलं कर्करोगावर औषध, सांगलीच्या प्राध्यापकांची कामगिरी. खाली सरांचा फोटो, मागे 'समुद्र' लिहिलेला कॅन.

सर सकाळीच त्या कार्यालयात गेले आणि दुरुस्ती छापा म्हणून दुपारपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले. दुरुस्ती चार दिवसांनी आली, पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाखाली, दोन ओळींची. तोवर मूळ बातमी व्हॉट्सॲपवर जिल्हे ओलांडून गेली होती.

मग माणसं यायला लागली. मिरज बसनं अर्ध्या तासावर. तिथल्या दवाखान्यांत लांबलांबचे पेशंट असतात आणि बरोबरच्या नातेवाइकांना दिवसभर बाकावर बसून फोन बघण्यापलीकडं काम नसतं. सर प्रत्येकाला दारातच सांगायचे की हे औषध नाही. बहुतेक लोक खालमानेनं परत जायचे. काहींना वाटायचं की आपण नीट विचारलं नाही म्हणून नाही म्हणतायत.

एक सुभेदार मात्र परत गेले नाहीत. सेवानिवृत्त, सातारा जिल्ह्यातले, खटावकडचे. इस्त्रीचा कोट, हातात रिपोर्टांची फाइल, ताठ उभे. मी टेबलापाशी नोंदी करत होते.

"सायेब, मंडळी मिरजेला ॲडमिट हायती," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणत्यात आता फकस्त आराम पडंल असं बघायचं. तुमची ती पावडर पायजे."

"ते औषध न्हाई," सर म्हणाले. "पेपरवाल्यांनी चुकीचं छापलं."

"मग हाय काय ते?"

एरवी सरांनी तिथंच संपवलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, त्यांनी सुभेदारांना आत घेतलं, स्टूल दिलं आणि नळीत जांभळं द्रावण घेतलं. "हे बघा. एवढंच करती ती." त्यांनी भुकटीचं पाणी टाकलं. थोड्या वेळात जांभळा रंग फिकट झाला, मग पिवळा. "हे काचंत. माणसाच्या अंगात काय हुतं ते मला म्हाईत न्हाई. कुणालाच न्हाई."

समजावण्यासाठी केलेला हा प्रयोग उलटा लागू पडला. सुभेदार त्या पिवळ्या नळीकडं बघत राहिले.

"म्हंजे कायतरी करती की," ते म्हणाले.

"आवं, काचंत."

"चिमूटभर द्या सायेब. मी लिहून देतो, सही करतो. काय झालं तर जिम्मेदारी माझी. असंबी ती जाणारच हाय."

"न्हाई."

सुभेदार चिडले नाहीत. फाइल मांडीवर सरळ केली. मग त्यांनी अगदी व्यवहारी आवाजात विचारलं, "बरं, एक सांगा. ह्यात दुसरं काय मिसळल्यालं न्हाई न्हवं? निव्वळ बुरशीचंच हाय न्हवं? तिला पोटात टिकंना काय, म्हनून इचारतो."

"निव्वळ बुरशीचंच..." सर म्हणाले आणि थांबले. मी वर बघितलं. त्यांच्या हातातली नळी तशीच होती. "सुभेदार," ते म्हणाले, "खरं सांगायचं तर मी ते बघितलेलं न्हाई."

त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली, एप्रन काढून खुंटीला लावला आणि सुभेदारांना म्हणाले, "चला, मी येतो तुमच्यासंगं." दोघं बसनं मिरजेला गेले. जाताना सरांनी माझ्या वहीच्या कोपऱ्यात एवढंच लिहिलं: बुरशी न घालता एक बाटली लावा. बाकी सगळं तेच.

त्या ओळीचा अर्थ असा. बुरशी वाढते ते द्रव म्हणजे आमचा समुद्र आणि त्यात बुरशीला खायला घातलेला माल्टचा अर्क, मोड आलेल्या सातूचा, चिकट आणि गोड. हे मिश्रण आधी प्रेशर कुकरसारख्या यंत्रात तापवून घेतात. सरांनी पेपर लिहिताना भुकटीची तुलना नुसत्या पाण्याशी केली होती. बुरशी न घातलेलं तेच द्रव, तितकेच दिवस ठेवून, स्पिरिट, पिशवी, आम्ल अशा सगळ्या पायऱ्यांतून नेऊन बघितलं नव्हतं. मीही बघितलं नव्हतं. पेपर तपासणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं.

मी बाटली लावली. खरं म्हणजे वैतागून लावली, कारण तीन आठवडे त्यात जाणार होते आणि निष्पन्न काही होणार नव्हतं. पहिली शंका स्पिरिट ओतल्यावर आली. बाटलीत बुरशी नव्हती, म्हणजे तळाला काही बसायला नको होतं. पण बसलं. थोडंसं, तांबूस. मी ते सरांना दाखवलं. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "पुढं न्या."

त्या तीन आठवड्यांत सर दर बुधवारी मिरजेला जात होते. औषध देता येत नव्हतं म्हणून दुसरं जे करता येईल ते करत होते. डॉक्टर काय म्हणाले ते सुभेदारांना सोपं करून सांगायचं, रिपोर्ट वाचून दाखवायचे, सुभेदार दोन तास झोपून येईपर्यंत बाईंच्या खाटेशी बसायचं. बाईंना या माणसाचं आपल्याशी नातं काय हे शेवटपर्यंत उमगलं नाही. त्या त्यांना दवाखान्यातलेच कुणी समजायच्या आणि पाय दुखतात म्हणून सांगायच्या. सर ते नर्सला जाऊन सांगायचे.

बिनबुरशीच्या बाटलीची भुकटी तयार झाली त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. मी तिचं पाणी जांभळ्या द्रावणात टाकलं. थोड्या वेळात रंग फिकट झाला, मग पिवळा. खऱ्या भुकटीपेक्षा किंचित कमी. किंचितच.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच्या हातानं नवी बाटली लावली, नंतर आणखी एक, मीठ बदलून, अर्काचा डबा बदलून. उत्तर तेच. मग त्यांनी मला बसवून समजावलं, अगदी बी.एस्सी.च्या वर्गात समजावतात तसं. साखर आणि प्रथिनं एकत्र तापली की तांबूस पदार्थ तयार होतात. भाकरीचा पापुद्रा भाजताना होतात, थालीपिठाच्या भाजणीत होतात. त्या तांबूस पदार्थांतच रंग उडवायचा गुण असतो. आमच्या यंत्रात अर्क तापला की तेच होत होतं. पिशवीतून लहान कण पाण्यात निघून गेले, मोठे राहिले, आणि बुरशीच्या दोऱ्यांबरोबर खाली बसले. दहा वर्षं आम्ही जे बुरशीच्या नावानं मोजलं ते बरंचसं भाजणीचं होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"पेपर मागं घ्यायचा."

"माझा प्रबंध?"

"तोबी नव्यानं."

माझी दोन प्रकरणं लिहून झाली होती. घरी लग्नाची बोलणी पदवीवर थांबली होती. एका महाविद्यालयात जागा निघणार होती आणि तिथं पदवी लागणार होती. मी हे सगळं एका दमात बोलले आणि शेवटी म्हणाले, "सर, हे कुणी विचारलंय का? इतक्या वर्षांत एकानं तरी?"

"सुभेदारांनी विचारलं की."

"त्यांनी पोटात टिकेल का म्हणून विचारलं होतं."

"व्हय," सर म्हणाले. "पण उत्तर तेच हाय, बाई."

मी पर्स उचलली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी कोयनानगरला. बारा दिवस परतले नाही, सरांचे दोन फोन आले ते घेतले नाहीत. आईनं सरांना मनसोक्त नावं ठेवली आणि मला ते बरं वाटत होतं. वडील ऐकत होते. दहाव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "मीटर चुकीचं दाखवतंय हे त्यांनीच शोधलं ना?" मी हो म्हटलं. "मग आता ते काय करणार? मीटर चुकीचं आहे हे कळल्यावर आम्ही मशीन चालू ठेवत नाही. वरून कितीही फोन आले तरी." मग त्यांनी ताक मागितलं.

मी परत गेले तेव्हा दोन गोष्टी झालेल्या होत्या. सुभेदारांच्या मंडळी गेल्या होत्या आणि सर खटावला दिवसांना जाऊन आले होते. सुभेदार तिथं त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ह्यांनी मला पावडर दिली न्हाई." तक्रार होती की कौतुक, हे सरांना कळलं नाही. सरांनी मला ते वाक्य दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा माझ्याकडं बघितलं, जणू मला कळेल.

दुसरी गोष्ट महाविद्यालयातली. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं होतं. तपासणी समिती येणार होती आणि अहवालाच्या पहिल्या पानावर सरांचा पेपर होता. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची नेमणूक होती, ती सरांचीच होणार हे शिपायालाही ठाऊक होतं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी फक्त थोडं थांबा म्हटलं, समिती येऊन जाऊ दे. सरांनी मान डोलावली, चहा घेतला, आणि उठताना सांगितलं की पेपर मागं घ्यायचं पत्र कालच पाठवलंय.

ते पत्र मी नंतर वाचलं. दीड पान. काय राहून गेलं, त्यामुळं काय चुकलं, बिनबुरशीच्या बाटलीचे सगळे आकडे. खंत वगैरे शब्द नव्हते. शेवटी एक वाक्य होतं की प्रयोगाची आखणी माझी होती आणि ही त्रुटी माझी आहे. समिती आली, अहवालाचं पहिलं पान बदललं गेलं. विभागप्रमुख दुसरेच झाले, सरांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. सर त्यांच्या सत्काराला गेले आणि नेहमीप्रमाणे उभ्यानं पेढा खाऊन आले. स्टाफरूममध्ये काही दिवस कुजबुज होती. एकानं माझ्यासमोरच म्हटलं की म्हातारपणी नाटकं सुचतात. सर तेव्हा म्हातारे नव्हते, चोपन्न वर्षांचे होते.

मला त्यांचा राग बरेच दिवस होता हे लिहायला हवं. आम्ही नवं द्रव बनवलं: समुद्र तोच, पण अर्काऐवजी शुद्ध ग्लुकोज, तेही वेगळं तापवून नंतर मिसळलेलं, म्हणजे भाजणी व्हायचं काही कारणच नाही. बुरशीला हे जेवण अजिबात आवडलं नाही. जिथं आधी वाटीभर भुकटी यायची तिथं नखाएवढी यायला लागली. दीड वर्ष मी ती नखानखानं जमवली. त्या दीड वर्षात मी सरांशी कामापुरतंच बोलले. त्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. पण सोमवारचा समुद्र तयार झाला की त्यातून द्रव बनवायचं माझं कामही त्यांनी स्वतःकडं घेतलं आणि माझ्या बाटल्या मी यायच्या आधी धुऊन पालथ्या घातलेल्या असायच्या, तीन वेळा धुतलेल्या.

शेवटी जे हाती आलं ते असं. निव्वळ बुरशीची साखळी जांभळा रंग जवळजवळ उडवत नाही. गंधक लावल्यावर थोडा उडवते. पहिल्या निकालाच्या पासंगालाही नाही, पण फरक होता, प्रत्येक वेळी होता, आणि बिनबुरशीच्या बाटलीत नव्हता. प्रबंध मान्य झाला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एवढ्या छोट्या फरकासाठी साडेपाच वर्षं?" मी म्हटलं हो. ती जागा तोवर भरली होती. दुसरी वर्षभरानं मिळाली, साताऱ्यात. लग्नाचं म्हणाल तर तो मुलगा थांबला नाही आणि आता त्याची मला फारशी आठवणही येत नाही.

माझी तोंडी परीक्षा झाली त्याच महिन्यात सरांना एक मेल आला. त्यांनी तो छापून घेतला होता आणि मला वाचायला दिला. पाठवणारी कर्नाटक किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात संशोधन करत होती. तिनं लिहिलं होतं की मी दोन वर्षं तुमचा प्रयोग करून बघत होते. आमच्याकडं पहिल्यापासून ग्लुकोज वापरतात, म्हणून असेल, मला कधीच तुमच्यासारखा निकाल आला नाही. माझे गाइड म्हणाले, हात चांगला नसेल तर हे क्षेत्र सोडावं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं आणि मी सोडायचं ठरवलं होतं. काल तुमचं पेपर मागं घेतल्याचं पत्र वाचनात आलं. आभार.

मला ते वाचून बरं वाटलं. कुणाला तरी त्या पत्राचा उपयोग झाला होता. मी तसं म्हटलंही. सरांचा चेहरा मात्र मी पूर्वी कधी न बघितलेला होता.

"दोन वर्षं, बाई," ते म्हणाले. "मी हितं आरामात बसलोय आन् तिकडं ती पोरगी दोन वर्षं स्वतःला दोष देत बसली. आणि अशा किती असतील? हिनं लिहिलं म्हणून कळलं."

"तुम्ही पत्र लिहा ना तिला."

"पत्र लिहून झालंय एकदा." त्यांनी खिशातून घड्याळ काढून बघितलं. दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते. नव्या विभागप्रमुखांनी मला विचारलं, मला माहीत नव्हतं. पाच दिवसांनी परत आले तेव्हा अंगावर उन्हाचे चट्टे होते. कुठं गेला होता, तर म्हणाले, कामाला.

काय झालं ते मला दोन वर्षांनी कळलं. गोव्यात एक कार्यशाळा होती, तिथं जेवणाच्या रांगेत पुढची बाई मी सांगलीत शिकले म्हटल्यावर वळली. तो मेल लिहिणारी तीच ती. आता आपल्या त्याच महाविद्यालयात शिकवते, बुरशीवरच काम करते. मी सरांचं नाव काढल्यावर तिनं ताट बाजूला ठेवलं.

एका दुपारी तिच्या प्रयोगशाळेच्या दारात एक अनोळखी गृहस्थ उभे राहिले, असं ती म्हणाली. चुरगळलेला शर्ट, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली, आत बुरशी असलेली काचेची नळी. मिरजेहून गाड्या बदलत, रिझर्व्हेशन न मिळाल्यामुळं बराच प्रवास उभ्यानं करून आले होते. आत तिचे गाइड होते, चार विद्यार्थी होते. सगळ्यांना वाटलं रसायनं विकणारा कुणी आला. गाइडनं विचारलं, कोण पाहिजे. त्यांनी तिचं नाव सांगितलं. ती उठून पुढं आली. त्या गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली आणि जतकडच्या रांगड्या कानडीत, जी ऐकून दोघं-तिघं हसलेसुद्धा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"निम्म कै बरोबरी अदाव्री. तप्पु नंदू."

तुमचे हात बरोबर आहेत. चूक माझी.

स्वतःचं नाव त्यांनी त्यानंतर सांगितलं.